बॉक्सवरचे तास पुरे झाले, फाइल कुठे उघडेल ते सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गॅजेटवर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो, आणि मागे व्हॉइस रेकॉर्डरवर जो आला होता तोही वाचला. लेख चांगला होता, फोटोही छान होते, पण सगळा भर किती जीबी, किती तास आणि किती छोटा यावरच होता. आता मला सांगा, रेकॉर्डर घेणारा माणूस तो कशासाठी घेतो? कोणाची मुलाखत, कॉलेजचं लेक्चर, मीटिंग, गाण्याची तालीम, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. म्हणजे जी गोष्ट परत घडणार नाही ती धरून ठेवायला. मग ती धरलेली गोष्ट आपल्या कॉम्प्युटरवर उघडते का, मोबाइलवर वाजते का, दहा वर्षांनी उघडेल का, हा पहिला प्रश्न पाहिजे, आणि तोच कुठे लिहिलेला नसतो, ना बॉक्सवर, ना जाहिरातीत, ना परीक्षणात. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण विषयच तसा आहे, सांभाळून घ्या.

आधी तासांचंच बघू, कारण लोक तिथेच फसतात. समजा बॉक्सवर लिहिलंय ८ जीबी आणि ५५० तास. आकडा खोटा नसतो, गंमत अशी की तो खराही असतो, पण कुठल्या सेटिंगला ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. हिशोब सोपा आहे, कोणीही करून बघावा. ८ जीबीत साडेपाचशे तास बसवायचे तर सेकंदाला जेमतेम ३२ किलोबिट वापरता येतात, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला तेवढीच जागा, आणि जागा कमी तसा दर्जा कमी. त्याच ८ जीबीत १९२ किलोबिटचं एमपी३, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली फाइल, केलं तर नव्वदेक तास बसतात, आणि सीडीच्या दर्जाचं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ असं डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल, केलं तर साडेबारा तास. कुठे साडेपाचशे आणि कुठे साडेबारा! मशीन तेच, मेमरी तीच, आणि माणूस दुकानातून बाहेर पडतो तो साडेपाचशे डोक्यात ठेवून. वर कॉम्प्युटरला जोडल्यावर ८ ऐवजी ७.४५ दिसतं आणि त्याला वाटतं आपल्याला कमी मेमरीचं मशीन दिलं, तर तसं नसतं, कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून तो फरक दिसतो, ती फसवणूक नाही. फसवणूक तासांच्या आकड्यात आहे.

बॅटरीचे तासही असेच. मोनो, सगळ्यात कमी दर्जा, स्क्रीनचा दिवा बंद, हेडफोन लावलेला नाही, अशा अवस्थेत मोजलेले असतात. हेडफोन लावून, चांगल्या दर्जाला, बाहेरचा माइक जोडून रेकॉर्ड केलं की ते तास कुठल्या कुठे जातात.

कोणी म्हणेल, बोलणंच तर रेकॉर्ड करायचंय, कमी दर्जा चालतो की. नाही चालत, आणि का चालत नाही ते नीट सांगतो कारण हे फारसं कोणी सांगत नाही. सॅम्पलिंग रेट म्हणजे एका सेकंदात आवाजाचे किती नमुने घेतले, आणि नियम असा आहे की जेवढे नमुने त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं पकडता येतात. ४४.१ किलोहर्ट्झला २२ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे माणसाच्या कानाला जेवढं ऐकू येतं तेवढं सगळं. पण काही रेकॉर्डरच्या लाँग प्ले मोडमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त तास बसवणाऱ्या सेटिंगमध्ये, हा रेट ८ किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं. आता आपल्या बोलण्यात स्वर खाली असतात, ते शाबूत राहतात, त्यामुळे ऐकताना वाटतं की बरं आलंय. पण स, श, फ ही जी हवेची अक्षरं आहेत त्यांचा, त्यातही स चा, बराचसा जीव त्या कापलेल्या भागात असतो. साध्या फोनवर कोणी अनोळखी आडनाव सांगितलं की आपण "स समजायचा का फ" असं विचारतो ना, ते यामुळेच, जुन्या फोन लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. समोरासमोरच्या बोलण्यात संदर्भाने कळतं, परत विचारता येतं. रेकॉर्डिंगला परत विचारता येत नाही. आडनाव, गावाचं नाव, औषधाचं नाव, जिथे संदर्भाचा आधार नाही तिथे बरोब्बर गाडी अडते.

आणि आता तर बोलण्याचं टायपिंग करून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत, लोक मुलाखत रेकॉर्ड करतात आणि सरळ त्यात टाकतात. ओपनएआयचं व्हिस्पर घ्या, ते आलेला आवाज आधी १६ किलोहर्ट्झवर आणतं आणि मग काम करतं. म्हणजे टायपिंगसाठी ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करून काही जास्त मिळत नाही, पण ८ किलोहर्ट्झवर केलं असेल तर जे गेलंय ते कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही, ते अंदाजाने भरतं, आणि अंदाजाने भरलेलं नाव हे सुटलेल्या नावापेक्षा वाईट कारण ते दिसायला अगदी बरोबर दिसतं. बोलण्यासाठी माझं मत विचाराल तर १२८ किलोबिटचं एमपी३ ठेवा, तासाला ५८ एमबीच्या आसपास जातात, आजच्या मेमरीत ते काहीच नाही. गाणं असेल, किंवा कायमचं जपायचं असेल तर डब्ल्यूएव्ही.

आता मुद्द्याचा भाग, फॉरमॅट, म्हणजे आवाज फाइलमध्ये कुठल्या पद्धतीने लिहिला जातो ते.

पूर्वी कॅसेट होती. फिलिप्सने १९६३ मध्ये आणली आणि पुढे तिचा फॉरमॅट इतर कंपन्यांना फुकट वापरू दिला, त्यामुळे एका कंपनीच्या टेपवर भरलेली कॅसेट दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या टेपवर वाजायची, हे आपण इतकं गृहीत धरलं होतं की ती कोणाची तरी कृपा होती हे लक्षातच आलं नाही. डिजिटल रेकॉर्डर आले तेव्हा मेमरी थोडी होती आणि महाग होती, म्हणून प्रत्येकाने आवाज दाबून बसवायचे आपापले मार्ग काढले. डीएसएस नावाचा फॉरमॅट १९९४ चा, ग्रुंडिगने काढलेला, नंतर ऑलिंपस आणि फिलिप्सही त्यात आले. सोनीच्या जुन्या मशीनमध्ये डीव्हीएफ आणि एमएसव्ही असायचे. त्या काळात ते योग्यच होतं, बोलणं अगदी थोड्या जागेत बसायचं. डीएसएसचा पुढचा भाऊ डीएस२ तर आजही डिक्टेशनवाले लोक वापरतात आणि त्याला कारण आहे, फाइल पासवर्डने कुलूपबंद करता येते, मध्येच मजकूर घुसवता येतो, टायपिस्टच्या पायाखालच्या पेडलने पुढेमागे करता येतं. डॉक्टर, वकील यांच्या कामाला ते लागतं. पण साध्या माणसाच्या हातात ती फाइल पडली की पंचाईत, कारण साध्या प्लेयरमध्ये ती वाजत नाही, तिचं ठराविक सॉफ्टवेअर लागतं.

आमच्याच घरातलं सांगतो. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच्या आठवणी एका रेकॉर्डरवर बोलून ठेवल्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही. तो माणूस गेल्यावर फाइल्स कॉम्प्युटरवर घेतल्या तर एकही उघडेना. नाव दिसतं, साइज दिसते, तारीख दिसते, आणि डबल क्लिक केलं की फॉरमॅट सपोर्टेड नाही. मशीनबरोबर आलेली सीडी सापडली, तर लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. ड्राइव्ह मागून आणला, तर त्यातलं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजचं, नव्यावर इन्स्टॉलच होईना. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलसमोर लिहिलेलं, सपोर्ट बंद. शेवटी काय केलं, तर रेकॉर्डरमध्ये सेल घातले, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, दुसऱ्या रेकॉर्डरच्या लाइन-इनला, म्हणजे दुसऱ्या मशीनचा आवाज आत घ्यायच्या भोकाला, लावली आणि एकेक फाइल वाजवत बसलो. दोन तासांची फाइल म्हणजे दोन तास. मध्ये कोणी खोलीत येऊन मशीनला धक्का लावू नये म्हणून दाराला आतून कडी. मशीन चालू होतं म्हणून हे जमलं, मशीनच बंद पडलं असतं तर आवाज डोळ्यासमोर फाइलमध्ये पडलेला आणि ऐकता मात्र येत नाही, अशी गत झाली असती. किती घरांत ती झालेली असेल!

मॅकवाल्यांचं आणखी वेगळं. २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकची नवी सिस्टीम आली आणि ३२ बिटची सगळी जुनी ॲप्स चालायची बंद झाली, त्यात जुन्या रेकॉर्डरबरोबर आलेली सॉफ्टवेअरही गेली. ज्यांनी आधीच फाइल्स डब्ल्यूएव्हीत काढून ठेवल्या होत्या ते सुटले.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की रेकॉर्डर घेताना तो थेट एमपी३ किंवा डब्ल्यूएव्ही बनवतो का हे बघा, सॉफ्टवेअर न टाकता बनवतो का हे बघा. एमपी३ ची पेटंटही संपलेली आहेत, लायसन्सचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला, त्यामुळे एमपी३ चं लायसन्स परवडत नाही म्हणून स्वतःचा वेगळा फॉरमॅट चालवतो वगैरे कारण द्यायला आता कुठल्याही कंपनीला जागा नाही. आणि ज्यांच्याकडे जुन्या डीएसएस, डीव्हीएफ, एमएसव्ही फाइल्स पडलेल्या आहेत त्यांनी मशीन जिवंत आहे तोवर त्या बदलून घ्याव्यात, आजच, पुढच्या सुट्टीत वगैरे नको.

फॉरमॅटचा आणखी एक पैलू आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर अवाक्षर कुठे वाचलेलं नाही. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तर काय होतं? एमपी३ ची फाइल ही छोट्या छोट्या तुकड्यांची माळ असते आणि तुकडे बऱ्यापैकी स्वतंत्र असतात, त्यामुळे जिथपर्यंत लिहून झालं तिथपर्यंत बहुतेक वेळा वाजते. डब्ल्यूएव्हीत सुरुवातीला एक हेडर असतं, त्यात एकूण लांबी लिहिलेली असते, आणि ती लांबी बरेच रेकॉर्डर स्टॉप दाबल्यावर भरतात. स्टॉप दाबलाच गेला नाही तर आवाज कार्डात आहे पण फाइलला स्वतःची लांबी माहीत नाही, मग ती शून्य सेकंदाची दिसते आणि माणूस ती डिलीट करून टाकतो. अहो, डिलीट करू नका! फाइलची साइज बघा, साइज मोठी असेल तर आवाज आत आहे. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रॉ डेटा म्हणून फाइल घेता येते, रेट आणि बिट बरोबर सांगितले की आवाज येतो, सुरुवातीला जरासा खट्ट येईल एवढंच. साइजच शून्य दिसत असेल तर मात्र त्या कार्डावर पुढचं काहीही रेकॉर्ड न करता ते बाजूला काढून ठेवा आणि रिकव्हरीचं काम जाणणाऱ्याला दाखवा. मोबाइलची एम४ए फाइल याहून नाजूक, तिची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते, ती लिहायच्या आत मोबाइल बंद पडला तर फाइल सहजासहजी सुधारत नाही. चांगले रेकॉर्डर बॅटरी संपत आली की स्वतःहून फाइल बंद करतात, सेव्ह करतात आणि मग झोपतात. करतो का नाही हे परीक्षण लिहिणाऱ्याने करून बघायला काय हरकत आहे? संपत आलेले सेल घालायचे आणि रेकॉर्ड लावून ठेवायचं, एका दुपारचं काम आहे.

मेमरी कार्डाबद्दल. बॉक्सवर लिहिलेलं असतं मायक्रोएसडी कार्ड चालतं. कुठलं? साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्याच्या वर एसडीएक्ससी, आणि दिसायला तिन्ही सारखीच, भोकात तिन्ही बसतात. एसडीएचसी कार्डं एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट होऊन, म्हणजे आतली जागा आखून, येतात आणि एसडीएक्ससी एक्सफॅटने. जुना रेकॉर्डर एक्सफॅट ओळखतच नाही, मग तो कार्ड एरर दाखवतो आणि माणूस कार्ड बदलायला दुकानात जातो, दुकानदार त्याच्या मोबाइलमध्ये घालून दाखवतो की बघा चालतंय, आणि दोघंही बरोबर असतात. त्यात बाजारात बनावट कार्डं आहेतच, वर १२८ छापलेलं आणि आत त्याच्या निम्मंही नाही, सुरुवातीला नीट चालतं आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं वाया. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या फुकट प्रोग्रॅमने कार्ड भरून वाचून तपासता येतं, वेळ लागतो पण महत्त्वाच्या कामाआधी तपासावंच. आणि कार्ड फॉरमॅट करायचं ते रेकॉर्डरच्या मेनूतूनच करा, कॉम्प्युटरवर नको.

एफएटी३२ ची आणखी एक गोम म्हणजे त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. सीडी दर्जाचं डब्ल्यूएव्ही पावणेसात तासांत तिथे पोचतं, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट स्टीरिओ केलं तर चार तासांच्या आसपासच. काही मशीन २ जीबीलाच फाइल तोडतात. तोडण्याला माझी हरकत नाही, पण तोडताना मधला आवाज जातो का? काही रेकॉर्डर अखंड लिहितात, दोन फाइल जोडल्या की सांधाही कळत नाही, आणि काही जुनी फाइल बंद करून नवी उघडेपर्यंत क्षणभर बहिरे असतात. दिवसभराच्या परिषदेचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला हे माहीत पाहिजे ना.

जोडणीचं म्हणाल तर सगळ्यात सुटसुटीत मशीन ते, जे यूएसबीला लावलं की पेन ड्राइव्हसारखं दिसतं. ड्रायव्हर नको, सॉफ्टवेअर नको, विंडोज, मॅक, लिनक्स कशालाही लावा. ॲन्ड्रॉइड मोबाइलला ओटीजी, म्हणजे पेन ड्राइव्ह जोडायची सोय, असेल तर तिथेही, आणि आयफोन आयपॅडमध्येही आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये बाहेरचा ड्राइव्ह दिसतो. पण वायर! रेकॉर्डर लावला, चार्ज होतोय, पण कॉम्प्युटरवर दिसत नाही अशी तक्रार आली की दहातल्या बऱ्याच वेळा वायर नुसती चार्जिंगची असते, आत डेटाच्या तारा नसतातच. आधी वायर बदलून बघा, मग मशीनला नावं ठेवा. दुसरं उलटं कोडं नव्या टाइप-सी वाल्या स्वस्त मशीनमध्ये दिसतं. जुन्या चपट्या यूएसबीच्या वायरने चार्ज होतं, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरने होत नाही. कारण टाइप-सी चार्जर आधी समोरच्याला विचारतो की तू आहेस का, आणि त्याचं उत्तर देणारे दोन छोटे रेझिस्टर, ५.१ किलोओमचे, कंपनीने पैसे वाचवायला बसवलेलेच नसतात. एवढ्याशा भागासाठी माणूस प्रवासात अडकतो. युरोपियन युनियनने २०२४ च्या अखेरीपासून मोबाइल, कॅमेरे, हेडफोन अशा बऱ्याच वस्तूंना टाइप-सी सक्तीचं केलं, ते चांगलं झालं, पण नुसतं भोक टाइप-सीचं असून भागत नाही, आतलंही तसं पाहिजे.

सेलवर चालणारा घ्यावा का आतल्या बॅटरीचा, यावर मी नेहमी सेलवाल्याच्या बाजूने. ट्रिपल ए सेल कुठेही मिळतात, मध्येच संपले तर दोन मिनिटांत बदलता येतात, आणि दहा वर्षांनी मशीन कपाटातून काढलं तरी नवे सेल घालून चालू होतं, आतली लिथियम बॅटरी तोवर मेलेली असते आणि ती बदलून मिळत नाही. मगाशी जे घरातलं सांगितलं ते मशीन सेलवरचं होतं म्हणूनच वाचलो. फक्त कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा, आत गळले तर पट्ट्या खाऊन टाकतात. आणि रिचार्जेबल सेल घालणार असाल तर मेनूत बॅटरीचा प्रकार बदला, ते सेल १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ चे, मशीनला सांगितलं नाही तर बॅटरीची काडी चुकीची दाखवतं.

माइकच्या जोडणीत तर इतका गोंधळ आहे की त्यावर वेगळा लेख व्हावा. मोबाइलसाठी विकला जातो तो कॉलरला लावायचा माइक, त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरला लागतो त्यावर दोन किंवा एक. पिन बसते, आवाज येत नाही, किंवा हिस्स येतो. एक छोटा कन्व्हर्टर लागतो, मिळतो. पुन्हा त्या माइकला थोडी वीज लागते ती रेकॉर्डरने द्यावी लागते, प्लग-इन पॉवर म्हणतात, ती मेनूत चालू करावी लागते. स्टेजवरचे जाड तीन पिनांचे कंडेन्सर माइक ४८ व्होल्ट मागतात, ते खिशातल्या रेकॉर्डरमधून मिळत नाहीत. आणि कार्यक्रमाला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन ती माइकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतोच, कारण माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्ट आणि मिक्सरचा त्याच्या कितीतरी पट. मशीनला लाइन-इन असेल तर ते निवडा, नसेल तर सिग्नल कमी करणारी वायर मिळते ती वापरा. फाटलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही. ३२ बिट फ्लोटवाले, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावेल अशा पद्धतीने लिहिणारे, नवे रेकॉर्डर आलेत त्यात लेव्हल चुकली तरी मागाहून सावरता येते, हे खरंच मोठं काम झालंय, पण त्यातही माइकच फाटला किंवा आधीच्या वायरमध्येच फाटला तर उपयोग नाही, आणि त्या फाइल्स सगळ्याच प्लेयरमध्ये वाजतात असं नाही, म्हणजे परत कंपॅटिबिलिटीचाच प्रश्न.

व्हॉइस ॲक्टिव्हेशन, म्हणजे आवाज आला की सुरू आणि शांत झालं की बंद, हे फीचर जाहिरातीत फार मिरवतात. मुलाखतीला ते बंद ठेवा. आवाज ओळखून सुरू व्हायला त्याला किंचित वेळ लागतो तेवढ्यात वाक्याचा पहिला शब्द जातो, आणि पहिला शब्द कधीकधी "नाही" असतो. शिवाय माणूस प्रश्न ऐकून किती वेळ गप्प राहिला, हेही त्या मुलाखतीतलंच असतं, ते कापलं जातं. नॉइज कॅन्सलेशनचंही तेच, रेकॉर्ड करताना लावलं तर जे गेलं ते गेलं, मागाहून सॉफ्टवेअरमध्ये लावलं तर मूळ फाइल हातात राहते. पंख्याची, एसीची घरघर काढायला लो-कट, म्हणजे अगदी खालच्या पट्टीचा आवाज कापणारी सेटिंग, तेवढा लावायला हरकत नाही. बाकी महागड्या मशीनपेक्षा मशीन कुठे ठेवलं त्याने जास्त फरक पडतो, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने खाली येतो आणि खोलीची घरघर आहे तेवढीच राहते. बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा, टेबलावर थेट ठेवू नका, खाली रुमालाची घडी घाला, नाहीतर कप ठेवल्याचा आवाज माणसापेक्षा मोठा येतो.

तर संपादक महाराज, तुमच्या गॅजेट लिहिणाऱ्या मंडळींना एवढंच सांगा की पुढच्या वेळी रेकॉर्डर हातात आला की बॉक्सवरचे आकडे उतरवण्याआधी एक फाइल रेकॉर्ड करा, ती विंडोजवर, मॅकवर, ॲन्ड्रॉइडवर आणि आयफोनवर कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता उघडते का ते बघा आणि तसं छापा. तास किती ते कुठल्या किलोबिटला ते लिहा. कार्ड किती जीबीपर्यंत आणि कुठल्या फॉरमॅटचं चालतं, फाइल कुठे तुटते, बॅटरी गेल्यावर काय उरतं ते लिहा. कंपन्यांनी हे बॉक्सवरच छापावं अशी मागणीही तुमच्यासारख्या पेपरने लावून धरली तर फरक पडेल, एकट्या गिऱ्हाइकाच्या ईमेलला त्यांच्याकडून ठरीव उत्तर येतं, तेही आलं तर.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक

ता. क. : एक लिहायचं राहिलं. सेल बदलले की बऱ्याच रेकॉर्डरचं घड्याळ मागे जातं आणि पुढची सगळी रेकॉर्डिंग १ जानेवारी २००० अशा कुठल्यातरी तारखेची होतात, नंतर कोणती कधीची ते कोणालाच लागत नाही. घड्याळ लावून घ्या, आणि तेही जमत नसेल तर बटण दाबल्यावर पहिल्या वाक्यात आजची तारीख, ठिकाण आणि समोर कोण बसलंय ते स्वतः बोला.